ओट्यावरचा डल्ला आणि उलथलेला कचऱ्याचा डबा

संत नामदेवांच्या भाकरीची कथा मराठी घरांत लहानपणीच कानावर पडते. समोरची भाकरी तोंडात धरून कुत्रा पळाला आणि कोरडी भाकरी त्याला कशी खाववेल, या काळजीने नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. संतांचे हे औदार्य सर्वांना साधणारे नाही. ओट्यावर निवत ठेवलेली पनीरची भाजी नाहीशी झाली, पाहुण्यांसाठी आणलेल्या केकवर जिभेच्या खुणा उमटल्या, किंवा सकाळी दिवाणखान्यात माशांचे काटे, अंड्यांची टरफले आणि चहाचा चोथा पसरलेला दिसला, की घरातल्या श्वानप्रेमाची परीक्षा सुरू होते. कुत्रा पाळणाऱ्यांच्या तक्रारींत ही फार जुनी आणि फार सार्वत्रिक तक्रार आहे. तिच्यावर उपायही आहेत; मात्र बहुतेक घरांत पहिला उपाय म्हणून जे केले जाते, म्हणजे ओरडणे, धपाटा देणे, उलथलेल्या डब्यापाशी नाक घासणे, ते नेमके निरुपयोगी ठरते. ते का, हे आधी पाहिले पाहिजे.

'चोरी' हा शब्द माणसाचा आहे. चोरीच्या कल्पनेत मालकी गृहीत धरलेली असते, आणि ओट्यावरची पोळी आपली नसून घरमालकाची आहे, असा विचार कुत्रा करत असल्याचा कोणताही पुरावा नाही. त्याच्या दृष्टीने अन्न दोन प्रकारचे असते: मिळण्याजोगे आणि न मिळण्याजोगे. हा त्याच्या वंशाचा वारसा आहे. रेमंड कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासकाने असा सिद्धान्त मांडला होता की, माणसाने लांडग्याची पिल्ले आणून कुत्रा घडवला नाही. मानवी वस्तीबाहेरच्या उकिरड्यावर जगण्यास सरावलेले प्राणी पिढ्यान् पिढ्या माणसाजवळ येत गेले आणि त्यांतून कुत्रा घडला. हा सिद्धान्त सर्वांनी मान्य केलेला नाही. परंतु माणसाच्या उष्ट्याखरकट्याशी कुत्र्याचे नाते किती जुने आहे, याचा धागा त्याच्या जनुकांतही सापडतो. स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराचे जनुक लांडग्यात साधारणपणे दोनच प्रतींत आढळले, तर कुत्र्यांत त्याच्या चारपासून तीसपर्यंत प्रती आढळल्या. पोळी-भाताच्या वासाने आपला कुत्रा व्याकूळ होतो, यामागे हजारो वर्षांचा इतिहास आहे. कचऱ्याचा डबा हा त्या इतिहासातला उकिरडाच. फक्त तो आता सिंकखाली आला आहे.

काही कुत्र्यांची भूक खरोखरच इतरांहून वेगळी असते. लॅब्राडोर खादाड असतो, हे सर्वांच्या अनुभवाचे आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचे एक कारण दाखवले. तृप्तीची जाणीव देणाऱ्या यंत्रणेतील एका जनुकाचा छोटा तुकडा सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांत गळलेला असतो. त्याच चमूच्या २०२४ मधील अभ्यासात असे दिसले की, हा दोष असलेले कुत्रे एका बैठकीत इतरांपेक्षा जास्त खात नाहीत, पण दोन जेवणांच्या मधल्या काळात त्यांना अधिक भूक लागते. शिवाय विश्रांतीच्या वेळी त्यांचे शरीर सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा वापरते. अशा कुत्र्याला 'हावरट' म्हणून रागावणे अन्यायाचे आहे. त्याला अधिक खाऊ घालणे मात्र त्याहूनही अपायकारक. त्याचे तेवढेच अन्न दिवसातून तीन-चार वेळा विभागून देणे आणि घरातले अन्न त्याच्या आवाक्याबाहेर ठेवणे, हा मार्ग उरतो.

आधी डॉक्टर, मग शिक्षण

आजवर शहाण्यासारखा वागणारा प्रौढ कुत्रा अचानक डब्यावर तुटून पडू लागला, तर तो बिघडला असे न समजता त्याला पशुवैद्यकाकडे न्यावे. जंत, मधुमेह, स्वादुपिंडातून पाचक रस पुरेसा न स्रवणे, अधिवृक्क ग्रंथींचा कुशिंग नावाचा विकार, या साऱ्यांत भूक वाढते. खाज किंवा ॲलर्जीसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी आणि फिट्सवरील फेनोबार्बिटालनेही ती वाढते. खाऊनही वजन घटत असेल किंवा पाणी पिणे फार वाढले असेल, तर तपासणी लांबणीवर टाकू नये. पोट खरोखरच भरत नसेल, तरीही कुत्रा अन्न शोधणारच. वाढत्या पिल्लाला दूध-पोळीवर ठेवणाऱ्या घरांत असे हमखास घडते. बरगड्या हाताला सहज लागाव्यात, पण दुरून मोजता येऊ नयेत, ही प्रकृतीची ढोबळ कसोटी.

शिक्षा का फसते?

'त्याला कळते हो, बघा कसा कान पाडून कोपऱ्यात बसलाय!' हे वाक्य प्रत्येक श्वानपालकाच्या तोंडी असते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये हीच समजूत तपासली. मालकाने कुत्र्याला खाऊ न खाण्याची ताकीद देऊन खोलीबाहेर जायचे; परतल्यावर त्याला कधी खरे, तर कधी खोटे सांगितले जाई. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही, यावर त्याचा 'अपराधी' चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की नाही, यावर होता. किंबहुना, निरपराध असूनही बोलणी खाल्लेल्या कुत्र्यांचा चेहराच अधिक ओशाळलेला दिसला. कान पाडणे, नजर चुकवणे, शेपूट पायांत घालणे, ही समोरच्या रागाला शांत करण्याची कुत्र्याची भाषा आहे. तो कबुलीजबाब नव्हे.

संध्याकाळी घरी आल्यावर, दुपारी चार वाजता उलथलेल्या डब्याबद्दल मारलेला फटका कुत्र्याच्या मनात डब्याशी जोडला जात नाही. तो जोडला जातो मालकाच्या घरी येण्याशी. प्रत्यक्ष चोरी करताना पकडून दरडावले, तर त्यातून वेगळा धडा मिळतो: माणूस समोर असताना हे करणे धोक्याचे, नसताना सुरक्षित. लायपझिगमधील संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, माणूस पाहत असेल तर कुत्रे मनाई केलेले अन्न कमी उचलतात, आणि त्याने पाठ फिरवली, डोळे मिटले किंवा तो दुसऱ्या कामात गुंतला की अधिक उचलतात. पुढे २०१३ मध्ये युलियाने कामिन्स्की यांच्या प्रयोगात, अन्नाभोवती अंधार असताना चोरीचे प्रमाण वाढल्याचे दिसले. मांजर डोळे मिटून दूध पिते, अशी आपली म्हण आहे. कुत्रा मात्र दुसऱ्याचे डोळे मिटण्याची वाट पाहतो, असे म्हणावे लागेल. ओरडण्याने त्याची चोरी थांबत नाही, ती लपूनछपून होऊ लागते.

शिक्षेचा याहून गंभीर तोटा आहे. तोंडातली वस्तू वारंवार हिसकावून घेतली, जबडा बळेच उघडला, पलंगाखाली कोंडीत पकडले, की काही कुत्रे वस्तू राखू लागतात. आधी अंग ताठ करून थिजणे, मग गुरगुरणे, शेवटी चावा. घरात लहान मूल असेल तर हा धोका पत्करण्याजोगा नाही. गुरगुरण्याबद्दलही शिक्षा करू नये. गुरगुरणे ही पूर्वसूचना आहे. ती दाबली, तर पुढच्या वेळी कुत्रा सूचना न देताच चावतो. डब्यावर तिखट शिंपडणे, उंदराचा सापळा लावणे, विजेचा झटका देणारा पट्टा वापरणे, हे प्रकार क्रूर आहेतच, शिवाय कुत्र्याला भित्रा आणि चिडखोर बनवणारे आहेत.

संधीच नाहीशी करणे

ज्या कृतीचा परिणाम सुखद, ती कृती पुन्हा होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून या नियमाचा पाया घातला. ओट्यावर पाय टेकले आणि बटाटेवडा मिळाला, हे कुत्र्याच्या बाबतीत एकदा घडले की पुरते. बी. एफ. स्किनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवलेली गोष्ट अधिक महत्त्वाची. बक्षीस दर वेळी न मिळता अधूनमधून, अनपेक्षितपणे मिळत असेल, तर ती सवय मोडणे अतिशय कठीण जाते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस याच नियमाने बांधलेला असतो. वीस दिवस ओटा स्वच्छ ठेवला आणि एकविसाव्या दिवशी लोण्याचा डबा उघडा राहिला, तर कुत्र्याच्या हिशेबी ते लॉटरी लागणेच होय.

म्हणून शिक्षणाचा पहिला भाग कुत्र्याचा नसून घरातल्या माणसांचा आहे. जेवण झाल्यावर ओटा लगेच आवरावा. निवायला ठेवायचे पदार्थ फडताळात, बंद मायक्रोवेव्हमध्ये किंवा जाळीच्या कपाटात ठेवावेत. बिस्किटांची ताटली टीपॉयवर ठेवून दार उघडायला जाऊ नये. टीपॉयची उंची कुत्र्याच्या नाकाशी अगदी जुळणारी असते. जमिनीवर बसून जेवणाऱ्या कुटुंबांनी जेवणाच्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत, चघळायला काही देऊन ठेवावे. सणासुदीला हे विशेष सांभाळावे. गौरी-गणपतीत नैवेद्याचे ताट जमिनीलगत मांडलेले असते, घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि कोणाचेच लक्ष नसते. नव्या सदनिकांतील दार नसलेल्या स्वयंपाकघरांसाठी, रांगत्या मुलांकरिता मिळते तशी उभी जाळी बसवता येते. पाच-सहा महिने हा खर्च आणि अडथळा सोसावा लागतो.

कचऱ्याच्या डब्याचे गणित थोडे निराळे आहे, कारण त्याचा वास बंद करता येत नाही. हलका प्लास्टिकचा डबा कुत्रा धक्क्याने पाडतो, आणि पायाने दाबून उघडायचा डबा काही हुशार कुत्रे स्वतःच उघडायला शिकतात. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे डबा सिंकखालच्या कपाटात ठेवून त्या दाराला मुलांसाठीची कडी लावणे. ते शक्य नसेल, तर खिटी लागणाऱ्या झाकणाचा, तळाशी जड असलेला डबा घ्यावा. मांसाहारी घरांतली हाडे, माशांची डोकी आणि कोलंबीची सालपटे डब्यात टाकूच नयेत. पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये ठेवावीत आणि सकाळी कचरा नेणाऱ्यांकडे सोपवावीत. हे ऐकून अनेकजण नाक मुरडतात, पण मुंबईच्या दमट हवेत याने दुर्गंधीही टळते. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन आणि बाळाचे डायपर यांच्यासाठी न्हाणीघरातही झाकणाचा डबा असावा आणि दार लावलेले असावे. असे नॅपकिन गिळल्याने आतडी तुंबून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. कचरा रात्रीच दाराबाहेर ठेवण्याची पद्धत असलेल्या इमारतींत, सकाळच्या फेरीला दार उघडताच कुत्रा शेजाऱ्यांच्या डब्यांवर झेपावतो. त्यामुळे दार उघडण्यापूर्वीच पट्टा हातात असावा.

आता आजोबांविषयी. बहुतेक घरांत एक व्यक्ती अशी असतेच, जी जेवताना हळूच पोळीचा तुकडा टेबलाखाली सोडते. कधी आजोबा, कधी शाळकरी मुलगी, कधी स्वयंपाकाच्या मावशी. त्यांच्या मायेवर बंदी घालून उपयोग होत नाही. ती चोरट्या मार्गाने चालूच राहते, आणि वर सांगितलेल्या अधूनमधूनच्या बक्षिसाचे काम चोख बजावते. त्याऐवजी कुत्र्याला खाऊ घालण्याचा मान त्याच व्यक्तीला द्यावा. पोळीचा तुकडा जेवण संपल्यावर, कुत्र्याच्या स्वतःच्या भांड्यात, ठरलेल्या जागी घालायचा. ताटातून थेट तोंडात काहीही नाही, एवढे पथ्य सर्वांनी पाळावे.

'नको', 'सोड' आणि 'जागेवर'

अडथळे उभे करून चोरी थांबते. संयम शिकवावा लागतो. त्यासाठी तीन शब्द पुरेत. शब्द कोणत्याही भाषेतले चालतील, पण घरातल्या सर्वांचे एकच हवेत. आई 'नको' म्हणते, बाबा 'नो', आजी 'अरे मेल्या थांब', अशा परिस्थितीत कुत्र्याने काय समजावे?

'नको' शिकवण्यासाठी मुठीत खाऊचा तुकडा बंद करून मूठ कुत्र्यासमोर धरावी. तो हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. काही बोलू नये, हात मागे घेऊ नये. कंटाळून त्याने क्षणभर नाक दूर नेले, की त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून दुसऱ्या हातातला तुकडा द्यावा. मुठीतला कधीच देऊ नये. नाकारलेली वस्तू मिळत नाही, पण नाकारल्याने त्याहून चांगले काही मिळते, हाच तर धडा आहे. मूठ दिसताच तो आपणहून मागे सरू लागला की 'नको' हा शब्द जोडावा. पुढे उघड्या तळहातावर, मग जमिनीवर पायाने झाकण्याच्या तयारीत, मग टीपॉयवर आणि शेवटी ओट्याच्या कडेला खाऊ ठेवून हाच सराव करावा. दर नव्या पायरीला कुत्रा पट्ट्याने बांधलेला असावा, म्हणजे चुकून झेप घेतली तरी खाऊ हाती लागणार नाही. एका वेळी तीन मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा, त्याच्या जेवणाआधी. एखाद्या पायरीवर तो सलग दोन-तीनदा चुकला, तर ती पायरी त्याला झेपत नाही असे समजून एक पायरी मागे यावे.

'सोड' म्हणजे तोंडातली वस्तू खाली टाकणे. हा सौदा आहे, आणि तो प्रामाणिकपणे करावा. त्याच्या तोंडात खेळणे असताना नाकाशी उकडलेल्या चिकनचा किंवा चीजचा तुकडा न्यावा. खेळणे पडताच 'सोड' म्हणून तुकडा द्यावा आणि खेळणेही परत करावे. परत करण्याने विश्वास बसतो. हा सराव पक्का असेल, तर रस्त्यावर उचललेले कोंबडीचे हाड सोडवताना झटापट करावी लागत नाही. पाठलाग मात्र कधीही करू नये. कुत्र्याला तो खेळ वाटतो, आणि घाईने तो वस्तू गिळून टाकतो. नामदेवांना भाकरी परत नको होती, म्हणून त्यांचे धावणे खपून गेले.

'जागेवर' हा शब्द स्वयंपाकाच्या वेळी उपयोगी पडतो. स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर एक चटई घालावी. कुत्रा तिच्यावर आला की खाऊ, बसला की खाऊ, बसून राहिला की अधूनमधून खाऊ. सुरुवातीला पाच-दहा सेकंदांनी, मग अर्ध्या मिनिटाने, मग कांदा चिरून होईपर्यंत. महिनाभरात चटई ही त्याच्या दृष्टीने ओट्यापेक्षा फायद्याची जागा होते. ओट्याशी घुटमळणाऱ्या कुत्र्याला 'हो बाजूला' असे शंभरदा सांगण्यापेक्षा, कोठे असावे हे एकदा शिकवणे सोपे.

जुन्या सवयी मोडताना एक टप्पा असा येतो की कुत्रा अधिकच हट्टीपणा करतो, ओट्यावर पुन्हा पुन्हा पाय टेकतो, भुंकतो. पूर्वी मिळायचे ते आता का मिळत नाही, याचा हा शेवटचा जोराचा प्रयत्न असतो. याच टप्प्यावर घरचे हार मानतात, आणि जोराने मागितल्यावर मिळते, हे तो शिकतो.

दिवसातले आठ-दहा तास फ्लॅटमध्ये एकट्या राहणाऱ्या कुत्र्याला डबा उलथणे हा विरंगुळाही असतो. पूर्वी शोधून खाणारा हा प्राणी. आता त्याचे जेवण भांड्यातून दोन मिनिटांत संपते. रोजच्या अन्नापैकी काही भाग जुन्या टॉवेलाच्या घड्यांत गुंडाळून, खोलीत चार ठिकाणी लपवून किंवा छिद्र असलेल्या रबरी खेळण्यात भरून द्यावा. वीस मिनिटांच्या हुंगाहुंगीने कुत्रा चांगलाच थकतो. फिरायला नेल्यावरही त्याला भरभर ओढत न नेता हुंगू द्यावे. रस्त्याकडेचे काहीही उचलण्याची सवय अगदीच घट्ट असेल, तर शिक्षण पूर्ण होईपर्यंत श्वास घेता येईल, पाणी पिता येईल असे जाळीदार मुसके वापरण्यात कमीपणा नाही. त्याची सवय मात्र खाऊ देत देत, हळूहळू लावावी.

काय खाल्ले तर धावपळ करावी?

चोरीचा प्रश्न शिस्तीपुरता असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. आपल्या स्वयंपाकघरातील अनेक साधे पदार्थ कुत्र्याला विषासमान आहेत. चॉकलेटमधील थिओब्रोमाइन त्याच्या शरीरातून फार सावकाश बाहेर पडते. दुधाच्या चॉकलेटपेक्षा गडद चॉकलेट आणि कोको पावडर कितीतरी अधिक घातक. कांदा-लसूण, कच्चा असो वा शिजवलेला, रक्तातील तांबड्या पेशी फोडतो, आणि त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसतात. साखरविरहित च्युइंगममधील झायलिटॉल हे गोडी आणणारे द्रव्य अर्ध्या तासातही रक्तातली साखर धोकादायक पातळीवर आणू शकते. द्राक्षे, मनुका आणि बेदाण्यांमुळे मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. त्यातील टार्टरिक आम्ल यास कारणीभूत असावे, असे अमेरिकी पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये सुचवले. पुढच्याच वर्षी चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच बिघाड नोंदवला गेला. चिंचेचा कोळ ज्या घरात रोजचा, तेथे हे ठाऊक असलेच पाहिजे. शिजलेली हाडे टोकदार तुकड्यांत मोडतात. आंब्याची कोय आणि मक्याच्या कणसाचा बुरकुंडा आतड्यात अडकतो. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात हे दोन्ही कचऱ्याच्या डब्यात हमखास असतात. यीस्ट घालून फुगवलेले कच्चे पीठ पोटात फुगत राहते आणि त्यातून मद्यार्क तयार होतो. तळणीचे उरलेले तेल आणि तुपकट फराळ यांनी स्वादुपिंडाला सूज येऊ शकते.

यांपैकी काही पोटात गेल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकाला फोन करावा. मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याचा घरगुती उपाय करू नये. त्याने रक्तातील सोडियम वाढून जिवावर बेतू शकते. टोकदार वा दाहक वस्तू गिळली असेल, तर उलटी करवणेच घातक असते. ते ठरवण्याचे काम डॉक्टरांचे. काय खाल्ले, अंदाजे किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन किती, एवढी माहिती तयार ठेवावी, आणि जाताना वेष्टन किंवा डब्यातले उरलेसुरले तुकडे पिशवीत घालून बरोबर न्यावेत.